अळी, पान आणि प्रकाश
(लोहा, जि. नांदेड येथे तरुण शेतकऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लोहा-कंधारच्या पट्ट्यात ऑगस्ट महिना उजाडला की सोयाबीन गुडघ्याच्या वर येते, कपाशीला पाती धरू लागतात आणि शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईल फोन दिवसातून चार वेळा बाहेर निघू लागतो. पान पिवळे दिसले, काढले छायाचित्र; बोंडाला छिद्र दिसले, काढले छायाचित्र. ते कृषि सेवा केंद्राच्या दुकानदाराला दाखविले जाते, कृषि विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडे पाठविले जाते आणि पुष्कळदा परभणीच्या कृषि विद्यापीठातील तज्ज्ञांपर्यंतही पोहोचते. पूर्वी रोगट झाड मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.ने न्यावे लागत असे. परभणी येईपर्यंत ते निम्मे कोमेजलेले असे. आता झाड शेतातच राहते आणि त्याची प्रतिमा प्रवास करते.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा एखाद्या संशोधकाला लोहा तालुक्यातील एका शेतातील एका पानावरचा डाग त्याच दिवशी पाहता येईल, अशी कल्पना कोणी केली नसेल. परंतु या सोयीत एक अडचण लपलेली आहे. सल्ला देणाऱ्या तज्ज्ञापुढे पान नसते. पानावरून निघून कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश तेवढा त्याच्यापुढे असतो. तो प्रकाश जास्त घेतला गेला किंवा कमी पडला, तर पानाचा रंग बदलतो. रंग बदलला की निदान बदलते आणि निदान बदलले की फवारणीचे औषध बदलते. कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यावयाचा, या प्रश्नाला छायाचित्रणाच्या व्यवहारात एक्स्पोजर म्हणतात. दूरच्या डोंगराचे चित्र काढताना त्यात थोडी चूक झाली तर चित्र किंचित फिके किंवा गडद दिसते, एवढेच. पाच-सहा इंचांवरून पानाचे चित्र काढताना तीच चूक शेतकऱ्याच्या खर्चात जाऊन बसते.

सोयाबीनचेच उदाहरण घ्यावे. सोयाबीनचे पान दोन निरनिराळ्या कारणांनी पिवळे पडते, आणि ही दोन्ही कारणे आपल्या भागात आढळतात. एक कारण पिवळ्या मोझॅकचे. हा विषाणुजन्य रोग असून पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. त्यात पानावर पिवळे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले दिसतात. दुसरे कारण लोहाच्या कमतरतेचे. चुनखडीयुक्त जमिनीत, विशेषतः झडीच्या पावसाने वाफसा मोडून पाणी साचले असता, मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात, मात्र पानाच्या शिरा हिरव्या राहतात. लोहा नावाच्या गावी लोहाच्या कमतरतेविषयी बोलावे लागावे, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा! मुद्दा असा की, पहिल्या प्रकारात रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात साचलेले पाणी काढून देणे आणि सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी करणे एवढ्याने बहुधा भागते. तेथे कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा चिखलात ओतणे होय.

आता या दोन पानांतील फरक कशावर ओळखावयाचा? शिरा हिरव्या आहेत की नाहीत, यावर. आणि भर दुपारी काढलेल्या, प्रमाणाबाहेर प्रकाश घेतलेल्या छायाचित्रात प्रथम नाहीशा होतात त्या शिराच. प्रकाश जास्त झाला की हिरवा रंग फिका पडून पिवळसर दिसू लागतो. प्रकाश कमी पडला की पिवळा रंग मळकट, शेवाळी दिसतो. म्हणजे निरोगी पान रोगट ठरू शकते आणि रोगट पान निरोगी. तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी चित्रात नसलेली शीर त्याला दिसणार नाही.

अनावश्यक फवारणीचा प्रश्न केवळ पैशाचाही राहिलेला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांचा छायाचित्रणाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि, जी फवारणी टाळता येण्याजोगी आहे ती टाळलीच पाहिजे, एवढे तरी त्या वर्षाने सर्वांना शिकविले.

कॅमेऱ्याचा एक ठाम समज

कॅमेऱ्यात प्रकाश मोजण्याची व्यवस्था असते, मग चूक का होते? याचे कारण कॅमेऱ्याच्या एका समजुतीत आहे. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो गृहीत धरतो. पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे अठरा टक्के प्रकाश परत फेकणारा करडा रंग हा छायाचित्रकारांनी पूर्वीपासून प्रमाण मानला आहे. समोर पांढरी वस्तू आली तरी कॅमेरा ती करडी करू पाहतो, काळी आली तरी करडीच.

मार्गशीर्षात माळेगावी खंडोबाच्या यात्रेला जनावरांचा बाजार भरतो, तेथे याचा अनुभव कोणालाही घेता येईल. लाल कंधारी बैल समोर उभा असेल तर कॅमेरा फारसा चुकत नाही, कारण त्या तांबड्या कातडीची उजळता मध्यम करड्याच्या आसपास असते. देवणी जातीच्या पांढऱ्या बैलाने चौकट भरून टाकली की तो मळका दिसतो. शेजारच्या काळ्या म्हशीचे चित्र घ्यावे तर ती राखेत लोळून आल्यासारखी दिसते. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याने आपला नियम इमानाने पाळलेला असतो. अशा वेळी मनुष्याने हस्तक्षेप करावयाचा असतो. पांढऱ्या वस्तूला कॅमेरा सांगतो त्याहून अधिक प्रकाश द्यावयाचा आणि काळ्या वस्तूला कमी. हा नियम ऐकताना उलटा वाटतो, आणि पुष्कळजण तो उलटाच वापरतात.

शेतात ही अडचण दोन ठिकाणी विशेष जाणवते. पहिली आपल्या काळ्या जमिनीमुळे. पान किंवा अळी चौकटीच्या मध्यभागी लहानशी आणि भोवती ओली काळी माती असेल, तर कॅमेरा मातीला उजळ करण्याच्या खटाटोपात पान पार पांढरे करून टाकतो. दुसरी अडचण फुटलेल्या बोंडाची. कापसाने चौकट भरली तर कापूस करडा येतो, आणि त्यातील शेंदरी अळी तपकिरी, जवळजवळ काळी दिसते. तेच बोंड जरा दुरून, गर्द पानांच्या पार्श्वभूमीवर टिपले तर उलट घडते: कापूस जळून कागदासारखा कोरा होतो आणि अळीही त्यात विरघळून जाते. एकच बोंड, एकच अळी, एकाच मिनिटात काढलेली दोन चित्रे. आणि दोन्ही निरुपयोगी.

हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये यावर उपाय दिलेला आहे, पण तो फारसा वापरला जात नाही. पडद्यावर ज्या जागी अळी दिसते तेथे बोट टेकवावे. कॅमेरा त्या जागेचा प्रकाश मोजतो. शेजारी सूर्याची लहानशी खूण उमटते. ती वर सरकविली की चित्र उजळते, खाली सरकविली की गडद होते. बोट तसेच दाबून धरले तर पुष्कळ फोनमध्ये ते माप कायम राहते. पांढऱ्या कापसासाठी खूण थोडी वर आणि काळ्या मातीवरील पानासाठी थोडी खाली, एवढे केले तरी निम्मी चित्रे सुधारतील.

याहूनही खात्रीचा मार्ग जुना आहे. छायाचित्रकार प्रमाणित करड्या रंगाचे पुठ्ठे वापरतात. ते लोह्याच्या बाजारात मिळणार नाहीत. परंतु शहाबादी फरशीचा तुकडा मराठवाड्यात कोणत्या घरी नाही? बिनपॉलिशची, कोरडी शहाबादी फरशी तंतोतंत अठरा टक्क्यांची नसली तरी कामापुरती जवळची आहे. तिच्यावर पान ठेवून टिपले तर कॅमेऱ्याला त्याच्या आवडीचा करडा रंग आपोआप मिळतो आणि पानाचा रंग खरा येण्याचा संभव पुष्कळ वाढतो. त्याच फरशीवर शेजारी त्याच शेतातील एक निरोगी पान ठेवावे. मग चित्रात रंगाची थोडी चूक राहिली तरी ती दोन्ही पानांत सारखी राहील, आणि पाहणाऱ्याला तुलना करता येईल. अळीच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून काहीजण शेजारी रुपयाचे नाणे ठेवतात. नाणे चकाकते आणि ती चकाकी प्रकाशाचे माप बिघडविते. त्यापेक्षा आगकाडी बरी.

दादासाहेबांचा वाटाणा

जवळून, सारख्या प्रकाशात, वनस्पतीचे चित्र घेण्याचा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा आणला. चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्याला काहीतरी करून दाखविले पाहिजे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि अंकुर वाढत असताना एकेक चौकट टिपत गेले. त्या चौकटी सलग दाखविल्या तेव्हा बीजातून रोप झरझर वर येताना दिसले. हा लहानसा चित्रपट पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दाखविली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

या कामातील खरी अवघड गोष्ट प्रकाशाची होती. एका चौकटीत प्रकाश कमी आणि पुढच्या चौकटीत जास्त झाला, तर पडद्यावर रोपाच्या वाढीऐवजी दिव्याची उघडझाप दिसेल. सेलेनियमच्या घटावर चालणारे प्रकाशमापक बाजारात आले ते १९३० नंतरच्या दशकात. फाळक्यांपाशी होते ते डोळे, अनुभव आणि चिकाटी. भारतीय चित्रपटाचा पाया वाटाण्याच्या एका रोपावर घातला गेला, ही गोष्ट शेतकऱ्यांपुढे सांगताना अंमळ अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

जवळ जाण्याची किंमत

गावोगावी काही तरुणांपाशी आता मोठे कॅमेरे आहेत. लग्नसमारंभासाठी घेतलेला कॅमेरा पिकाच्या कामीही येऊ शकतो. त्यांच्यासाठी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे.

भिंग वस्तूच्या जवळ नेऊन प्रतिमा मोठी करावयाची तर भिंग आणि फिल्म किंवा संवेदक यांतील अंतर वाढवावे लागते. अंतर वाढले की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि पातळ होतो. अळी जेवढी आहे तेवढीच प्रतिमा संवेदकावर घ्यावयाची असेल तर चौपट प्रकाश लागतो. निम्म्या आकाराची घ्यावयाची असेल तर सव्वादोन पट. कॅमेरा भिंगातूनच प्रकाश मोजत असेल तर हा हिशेब तो स्वतः करतो. स्वतंत्र प्रकाशमापक वापरणाऱ्याला मात्र तो स्वतः करावा लागतो.

दुसरी किंमत स्पष्टतेची. पूर्ण आकाराच्या प्रतिमेत, भिंगाचे छिद्र एफ-११ इतके लहान ठेवले तरी, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर असते. अळीचे डोके स्पष्ट आले तर शेपटी धूसर होते. म्हणून छिद्र लहान ठेवणे भाग पडते. आणि एफ-४ वरून एफ-११ वर गेले की प्रकाश आठपटीने कमी होतो. आठ आणि चार यांचा गुणाकार बत्तीस. दुरून घेतलेल्या चित्राला सेकंदाचा हजारावा भाग पुरत असेल, तर येथे जवळजवळ तिसावा भाग लागेल. तेवढ्या वेळात वाऱ्याने पान हलते, आणि जवळून पाहताना ते हलणेही तितकेच मोठे होऊन दिसते. पहाटे वारा पडलेला असताना काम करणे किंवा पानाचा देठ चिमट्याने काडीला अडकविणे, हे त्यावरचे साधे उपाय होत. संवेदनक्षमता वाढवूनही वेळ कमी करता येतो, पण चित्रात कण उठतात आणि मावा किंवा फुलकिडे अशा बारीक किडी त्या कणांत हरवतात. म्हणून तो मार्ग शेवटी ठेवावा.

मोबाईल फोनला हा सारा हिशेब फारसा लागू पडत नाही. त्याचा संवेदक लहान असल्याने खोली पुष्कळ मिळते. त्याचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे त्याची स्वतःची सावली. दोन-तीन इंचांवर फोन नेला की तो आणि त्यामागचे डोके दोन्ही मिळून पानावरचा उजेड अडवितात. पान अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत आले तर कोणतेही माप दोन्ही अर्धांना न्याय देऊ शकत नाही. अशा वेळी सारे पानच सावलीत घ्यावे. छत्री, टोपी, नाहीतर सोबत्याचे उपरणे आडवे धरले तरी चालते. सावलीतला उजेड मंद असला तरी सगळीकडून सारखा येतो, आणि रंग ओळखण्यासाठी सारखेपणाच हवा असतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवस छायाचित्रकाराला कंटाळवाणा वाटतो. पानाच्या छायाचित्रासाठी त्याच्याइतका चांगला दिवस नाही.

फोनमधील दिवा लावण्याचा मोह मात्र आवरावा. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी. ही कीड भारतात २०१८ साली प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ती ज्वारीलाही सोडत नाही. तिची ओळख दोन खुणांवरून पटते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट रेघ असते, आणि शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसविल्यासारखे असतात. अळी पोंग्यात दडलेली असते, आत अंधार असतो, म्हणून दिवा लावला जातो. अळीचे गुळगुळीत डोके त्या उजेडात आरशासारखे चमकते आणि नेमकी ती उलटी वाय चकाकीत बुडून जाते. त्यापेक्षा अळी काडीने बाहेर काढून पानावर घ्यावी, एका बाजूने उजेड येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूला वहीचा कोरा कागद उभा धरावा. कागदावरून परतलेला उजेड सावलीची बाजू भरून काढतो. चार ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ दिसतात.

चित्र पाठविताना एकच न पाठविता तीन पाठवावीत: एक कॅमेरा सांगेल तसे, एक त्याहून थोडे उजळ आणि एक थोडे गडद. फिल्मच्या काळात प्रत्येक चौकटीला पैसे पडत, तरीही जाणते छायाचित्रकार असेच करीत; आता तर खर्चही नाही. पानाच्या मागच्या बाजूचेही चित्र हवे, कारण पांढरी माशी तेथेच बसते. एक चित्र संपूर्ण झाडाचे आणि एक शेताच्या त्या भागाचे असावे. पिवळेपणा शेंड्याला आहे की बुडाला, तुरळक झाडांवर आहे की पाणी साचलेल्या पट्ट्यात, हे जवळच्या चित्रात कधीच दिसत नाही. ही चित्रे फोनमधील सोयीने रंगवून, चकचकीत करून पाठवू नयेत.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार उडविला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. शेतात जाऊन प्रत्यक्ष मोजणी करणे हा त्याचा आधार आहे, आणि छायाचित्र त्या मोजणीची जागा घेऊ शकत नाही. कॅमेरा कितीही जवळ नेला तरी हिरव्या बोंडाच्या आत तो शिरत नाही. शेंदरी बोंडअळीसाठी एकरी वीस हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून फोडावीच लागतात; त्यांत दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, म्हणजे दहा टक्के झाले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. फोडलेली बोंडे शहाबादी फरशीवर, सावलीत, ओळीने मांडून घ्यावीत. लहान शेंदरी अळी शेंदरी नसते, पांढरीच असते आणि डोके तेवढे काळपट असते. पांढऱ्या सरकीवरची ती पांढरी अळी दिसावी म्हणून या एका चित्रात सूर्याची खूण वर न नेता किंचित खाली सरकवावी आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत बोंडे फेकू नयेत.